मागच्या हॉलमधली गाडी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही "अंधारात कोण खेळायला येणार?" एवढंच विचारलंत आणि फोन आईकडे दिलात. हल्ली तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून लिहिते.

आपल्या गेम झोनच्या मागच्या हॉलमध्ये अंधारातलं मिनी गोल्फ बसवायचं मनात आहे, नऊ खड्ड्यांचं. हिरव्या गालिच्याच्या अरुंद वाटा, मध्ये अडथळे, टोकाला खड्डा. बुटक्या दांडीने चेंडू हळूच ढकलत तिथवर न्यायचा. हॉलमध्ये साधे दिवे नसतील. अतिनील दिवे असतील, डोळ्यांना जेमतेम जांभळट दिसणारे. भिंती, चेंडू आणि वाटांच्या कडा फ्लोरोसेंट रंगाच्या. तो रंग न दिसणारा उजेड पितो आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतो, म्हणून काळोखात झळकतो. आई, पांढऱ्या कपड्यांना तू टिनोपाल घालतेस ना, त्याचं कामही असंच चालतं. मी दिवा घरी आणून पाहिला. तेलात कालवलेली हळद हिरवट पिवळी चमकली आणि पोरं वाटीभोवतीच बसून राहिली.

बाबा, आकाशपाळणा घेऊन तुम्ही रामटेकपासून शेगावपर्यंत जत्रा केल्यात. आम्ही लहान असताना म्हणायचात, ज्याचा उजेड दुरून दिसतो त्याच्याकडे गर्दी वळते. ते मी विसरलेले नाही. पण तुमच्या पाळण्यालाही रात्रच लागायची. दुपारी त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे.

हे मनात आलं ते आजी-आजोबांमुळे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की कुटुंबंच्या कुटुंबं आपल्याकडे थंडाव्याला येतात. पोरं धडकगाडीत, आई-वडील फोटो काढण्यात, आणि आजी-आजोबा सगळ्यांच्या चपला-पिशव्या सांभाळत बाकावर. दोन-दोन तास. तिकीट खिडकीतून मला तो बाक समोरच दिसतो. या खेळात पळायचं नाही, उडी नाही, पोटात गोळा येत नाही. गुडघे दुखणारी आजी नातवाला हरवू शकते. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांनी जोरात दांडा फिरवणं शोभत नाही असं मानायचे, तेव्हा १८६७ साली तिथल्या बायकांनी नुसता चेंडू ढकलण्याचा स्वतंत्र क्लब काढला. तो आजही चालू आहे. आणि बाबा, तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेलं, म्हणून हे खास तुमच्यासाठी: १९२० च्या दशकात अमेरिकेत या खेळाची लाट आली, तेव्हा गवताऐवजी जे मैदान अंथरायचे ते सरकीच्या टरफलांचं असायचं. त्यात वाळू, तेल आणि रंग कालवलेला. न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवर मैदानं झाली होती.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते. राजकोटच्या गेम झोनची आग आपण टीव्हीवर एकत्र पाहिली होती. २५ मे २०२४. २७ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. आत वेल्डिंग चालू होतं आणि अग्निशमन दलाचा दाखला नव्हता. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. म्हणून हॉलला मी दोन दारं करून घेतेय, समोरासमोर, दोन्ही बाहेर उघडणारी. थर्माकोलचा एक तुकडाही आत जाणार नाही. अडथळे फायबरचे न करता सिमेंटचे आणि लोखंडाचे. काही काम निघालंच तर हॉल बंद ठेवूनच. दाखला हातात आल्याशिवाय तिकीट फाडणार नाही. आणखी एक. फ्लोरोसेंट रंग दिवा असेपर्यंतच चमकतो, वीज गेली की मिट्ट काळोख. त्यासाठी दारापर्यंत जमिनीवर वेगळ्या रंगाची रेघ मारणार आहे. तो रंग उजेड साठवून ठेवतो आणि दिवे गेल्यावरही बराच वेळ दिसत राहतो. इन्व्हर्टरवरचे दिवे आहेतच, पण रेघेला बॅटरी लागत नाही.

खर्चाचा कागद सोबत जोडलाय, तुमच्या पद्धतीने, डावीकडे येणं आणि उजवीकडे देणं. फिरणारं यंत्र एकच असल्यामुळे ग्रीस, बेअरिंग, ऑपरेटर यांची कटकट जवळजवळ नाही. रंग मात्र अतिनील उजेडाने उडतात, ठरावीक काळाने पुन्हा मारावे लागतील. ते मी धरलंय.

फिरणारं ते एक यंत्र नवव्या खड्ड्यावर आहे. तिथे छोटा आकाशपाळणा असेल, चेंडू त्याच्या पाळण्यात बसून पलीकडे उतरणार. त्याचा वेग किती ठेवायचा हे मला कळत नाही. तुम्ही बटणावर हात ठेवून लोकांचे चेहरे बघत वेग कमी-जास्त करायचात, तेवढं मला कधीच जमलं नाही.

एवढं सगळं लिहिलं आणि अवघड तेच शेवटी राहिलं. मागच्या हॉलमध्ये झुकझुकगाडी आहे. जत्रा सोडून नागपुरात बसलो तेव्हा तुम्ही विकत घेतलेली ती पहिली वस्तू. तीन वर्षं ती चालत नाही, तरी दर सोमवारी मी तिच्यावरची धूळ पुसते. रूळ उखडल्याशिवाय गोल्फ बसत नाही. इंजिन दारातच ठेवायचं, तिकीट खिडकी म्हणून, असं माझ्या मनात आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक नटही काढणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने दोघंही या. मी स्टेशनवर येते. आई, बाबांचा टिनोपाल घातलेला सदरा आण, आणि चष्मा विसरू देऊ नकोस. ठिकाणं खडूने आखून ठेवलीत, बाबांनी एकदा त्यावरून चालून बघावं.

तुमची,
थोरली