टाकीत कॅप्सूल फोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात नागपुरातल्या घरोघरच्या फिश टँकमधले मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. गोल्डफिशच्या शेपटीवर लाल रेषा उमटतात, फायटर पर मिटून कोपऱ्यात बसतो. मग घरात उरलेली टेट्रासायक्लिनची नाहीतर डॉक्सिसायक्लिनची, म्हणजे प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) कॅप्सूल फोडून टाकीत रिकामी केली जाते, किंवा दुकानातून पिवळ्या पावडरची बिननावाची पुडी येते. ही सवय माशालाही तारत नाही आणि माणसालाही घातक आहे. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब मांडू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावते. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की 45 लिटर उरते. त्यात 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल टाकली तर लिटरमागे 11 मिलिग्रॅम औषध होते. तीच कॅप्सूल 20 लिटरच्या टाकीत टाकली तर 25 होते. तेव्हा ‘एक कॅप्सूल’ हा मुळात डोसच नव्हे. आता माशाकडून पाहा. त्याच गटातले ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यातून देताना माशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 55 ते 80 मिलिग्रॅम लागते. दहा-दहा ग्रॅमच्या पाच माशांना मिळून दिवसाला फार तर 4 मिलिग्रॅम, दहा दिवसांच्या पूर्ण कोर्सला 40. आपण मात्र एका झटक्यात 500 मिलिग्रॅम पाण्यात ओततो.

यातले माशाच्या अंगात किती जाते? फारच थोडे. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्यात टाकी बोअरवेलच्या जड पाण्याने भरली असेल, तर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतात आणि औषध निकामी होते. उजेडाने ते विघटत जाते, पाणी तपकिरी पडते, वर फेस जमतो. उरलेले अर्धेमुर्धे औषध खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात मुरत राहते.

खरी काळजी त्या स्पंजाची आहे. तो पिळला की जो बुळबुळीत गाळ हाताला लागतो, त्यात असंख्य जिवाणू एकमेकांना चिकटून राहतात. अपुऱ्या औषधाने त्यातले दुबळे मरतात, चिवट उरतात. औषधाला दाद न देण्याचा गुण पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो आणि हे कडे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जाते. माशाच्या अंगावर जखमा करणारा एरोमोनास माणसाच्या जखमेतही वाढू शकतो. शोभेच्या माशांमधून आणि त्यांच्या पिशव्यांतल्या पाण्यातून मिळालेल्या एरोमोनासचे 94 नमुने ब्रिटनमधल्या संशोधकांनी तपासले आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी 47 नमुने 15 किंवा अधिक प्रतिजैविकांना जुमानत नव्हते. कोलकाता किंवा चेन्नईचे कोळत्तूर अशा ठिकाणांहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत लांबचा प्रवास करून आलेला मासा दुकानात येण्याआधीच औषधांतून गेलेला असू शकतो. म्हणून पिशवीतले पाणी टाकीत कधीही ओतू नये, मासा जाळीने उचलून सोडावा. नवा मासा निदान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

घरच्या टाकीतला ‘आजार’ बहुतेक वेळा पाण्याचा असतो. पाणी 24 अंशांवर असताना लिटरमध्ये सुमारे 8.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 33 अंशांवर 7.2 च. दुपारी वीज गेली, एअर पंप थांबला की मासा वर येणारच. दुसरे कारण अमोनिया, म्हणजे माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात साचणारा पदार्थ. पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) 8 आणि तापमान 30 अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी सात-साडेसात टक्के विषारी रूपात असतो. पीएच 7 असेल तर एक टक्काही नसतो. परांवरच्या लाल रेषा आणि धापा टाकणे ही अमोनियाचीही लक्षणे आहेत. पुडी घेण्याआधी थेंबांचा टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर तिसरा हिस्सा पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला, दोन दिवस खाद्य बंद ठेवा. पेंच-कन्हानचे नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते, ते अँटिक्लोरीन घालूनच टाकीत घ्या. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळा. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात आणि क्लोरीनने मरतात.

प्रतिजैविकाचा फटकाही त्यांनाच बसू शकतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया चढतो, मासे आणखी मलूल होतात, घरच्यांना वाटते आजार वाढला, आणि दुसरी कॅप्सूल फुटते. पुष्कळ टाक्या अशाच रिकाम्या होतात.

अंगावर मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके दिसले, तर तो परजीवी आहे. डिसेंबरच्या थंड रात्रींत, हीटर नसलेल्या टाकीत तो हमखास दिसतो. त्यावर प्रतिजैविक काहीच करत नाही. हळूहळू 30 अंशांपर्यंत वाढवलेली ऊब आणि लिटरमागे 2 ग्रॅम जाडे मीठ, तेही एका दिवसात न घालता दोन-तीन दिवसांत विभागून, एवढ्याने पुष्कळदा काम होते. तळाशी राहणारे कोरी मासे आणि पाणवनस्पती मिठाला नाजूक असतात, हे ध्यानात ठेवा. कापसासारखे झुपके बुरशीचे असतात. पण पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा दिसला, तोंडाशी पांढरे चढले, तर तो कॉलम्नारिस, म्हणजे जिवाणूच. हा उबेत झपाट्याने पसरतो. ठिपक्यांचा आजार समजून इथे हीटर वाढवला तर मासा दोन दिवसांत जातो.

जिवाणूचा आजार खरोखर असेल तेव्हा प्रतिजैविक जरूर द्यावे, पण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि वेगळ्या टाकीत. 20 लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, तळाला खडी नाही, वर झाकण. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. मासा खात असेल तर औषध खाद्यातूनच द्यावे. 50 ग्रॅम माशांना दिवसाला साधारण एक ग्रॅम खाद्य पुरते. म्हणजे दहा ग्रॅम खाद्यात 40 मिलिग्रॅम औषध, वर जिलेटिनचा पातळ लेप, नाहीतर ते पाण्यात सुटते. एवढे बारीक वजन घरच्या काट्यावर होत नाही, ते डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. मासा पोहू लागला म्हणून चौथ्या दिवशी औषध थांबवू नये. ठरलेले दिवस पुरे करावेत.

टबातले औषधी पाणी नालीत ओतू नका. आपल्या नाल्या नाग नदीला मिळतात, पुढे कन्हान, वैनगंगा, गोसीखुर्द धरण. आधी एक-दोन दिवस सक्रिय कोळशाचा फिल्टर चालवा. मग मासे दुसरीकडे हलवून, अंगणात उघड्यावर, 20 लिटरला एक चहाचा चमचा ब्लीचिंग पावडर घालून दिवसभर ठेवा. नंतर मोकळ्या जमिनीवर ओता, भाजीच्या वाफ्यात नको. फुटाळा-अंबाझरी तलावांत नकोसे मासे सोडणेही थांबले पाहिजे.

हाताला चीर असेल तर टाकीत हात घालताना रबरी मोजे वापरा, आणि सक्शन पाइप तोंडाने ओढू नका. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा क्षयरोगाच्या कुळातला जिवाणू टाकीतून बोटात शिरतो. काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते, नेहमीच्या गोळ्यांनी ती बसत नाही आणि उपचार काही महिने चालतात. अशी गाठ दाखवताना घरात फिश टँक आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

दुकानदारांना विनंती आहे की नाव, प्रमाण आणि मुदत नसलेली पुडी विकू नये. पिवळ्या पुड्यांत नायट्रोफ्युरान गटातले औषध असू शकते आणि खाण्याच्या माशांच्या पालनात त्या गटाला आपल्याकडे मनाई आहे. आपल्या शहरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. घरी मासे पाळणाऱ्यांसाठी त्यांनी नमुने तपासण्याचा आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा. तिथे नेताना मासा जिवंतच न्यावा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवून. टाकीचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत घ्यावे. मासा नुकताच मेला असेल तर बर्फावर ठेवून तीन-चार तासांत पोहोचवावा, फ्रीझरमध्ये घालू नये. आणि त्याआधी टाकीत कोणतेही औषध टाकू नये, कारण मग तपासणीत जिवाणू उगवतच नाही.

आपले,
शहरातील काही मत्स्यपालक व मत्स्यविज्ञानाचे अभ्यासक, नागपूर