गावात वाचून दाखवणारे कोणी उरले नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे (एआय) नोकऱ्या जातील, ही चर्चा सध्या सगळीकडे चालू आहे. शहरांपुरती ती भीती खरी असेलही. पण आमच्या गुहागर तालुक्यातल्या वाड्यांवर नोकरी करणारी माणसे आहेतच कुठे? ती केव्हाच मुंबईला गेली, दिसतात गणपतीला आणि शिमग्याला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची अडचण साधी असते. बँकेचे इंग्रजी पत्र, वीजबिल, इस्पितळातून घरी सोडताना दिलेला कागद वाचून दाखवायला घरात कोणी नसते.

ते काम आता फोनमधले एआय ॲप करते. कागदाचा फोटो काढायचा आणि तोंडाने विचारायचे, 'यात काय लिहिलंय?' टाइप करता यावे लागत नाही. उत्तर मराठीत ऐकू येते, कळले नाही तर पुन्हा विचारता येते. (मुंबईचा नातू दुसऱ्या वेळेलाच वैतागतो.) फक्त खाते क्रमांक आणि आधार क्रमांक झाकून फोटो काढावा. गोळ्या कशासाठी आहेत ते फोनला विचारावे, किती घ्यायच्या ते डॉक्टरांनाच.

जुन्या पेटीतल्या मोडी लिपीतल्या कागदांचेही असेच. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीतून देवनागरीत लिप्यंतर करणारी एआय प्रणाली मांडली. कोर्टात जाणकाराचेच वाचन लागेल, पण आजोबांनी काय जपून ठेवले हे तरी घरच्यांना कळेल. भाऊबंदकी त्याने कमी होईल असे मात्र नाही.

शेतीत उपयोग आणखी मोठा. २५ मे २०२५ रोजी, म्हणजे ऐन रोहिणीच्या तोंडावर, मान्सून देवगडपर्यंत आला आणि धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरायचे ठरवलेल्या कित्येकांचे बेत फसले. त्याच खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एआयच्या आधारे काढलेला मान्सूनचा अंदाज एसएमएसने पाठवला. पाऊस सुरू होऊन मध्येच थबकेल, हेही त्यात आधी सांगितले होते. भाताच्या रोपांचा तरवा कधी टाकायचा हे ठरवणाऱ्याला याहून कामाची बातमी कोणती?

आंब्यावरचा डाग करपा रोगाचा की भुरीचा, हेही फोटोवरून बऱ्यापैकी कळते. फवारणीचे प्रमाण मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातूनच घ्यावे. फोन तेही ठासून सांगतो, पण चुकले तर मोहोर आपला जातो. खरे तर विद्यापीठाने हे वेळापत्रकच बोलून विचारता येईल असे करावे. मग फोनला अंदाज बांधायची गरजच राहणार नाही.

दरीतल्या वाड्यांवर रेंज नाही, ते दुखणे वेगळे आणि जुने. तोवर ग्रामपंचायतींनी एक करावे. आठवड्यातून एक दुपार वाचनालयात म्हाताऱ्यांना हे शिकवायला कुणालातरी बसवावे. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी मुले एप्रिल-मेमध्ये पारावर रिकामीच असतात.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी