सईला, चैत्रातलं पत्र

ठाणे,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला तुझ्या एकटीच्या नावाचं पत्र हवं होतं, पोस्टातून आलेलं, तिकीट लावलेलं. हे घे. पाकिटावर नचिचं नाव नाही, पण आत त्याच्याबद्दल बरंच लिहिलंय, तेव्हा त्यालाही वाचून दाखव. जोडाक्षरं तुला आता न अडखळता वाचता येतात, म्हणून मुद्दाम सोपं करून लिहीत नाही. कुठे अडलंच तर आजी आहे.

परवा जेवताना तू विचारलंस, "आई, वसंत ऋतू कधी येणार?" तुझ्या चित्रांच्या पुस्तकात बर्फ वितळतोय, मुलं कोट काढून हिरवळीवर धावतायत आणि जमिनीतून पिवळी फुलं वर येतायत. आपल्याकडे यातलं काहीच झालं नाही. उलट पंखा पाचावर गेला, शाळेतून येईपर्यंत तुझे गाल लालबुंद होतात आणि नचिच्या मानेवर घामोळं उठलंय. पण सई, वसंत केव्हाच आलाय. पंचांगात त्याचे महिने चैत्र आणि वैशाख असले, तरी वसंतपंचमी येते माघात, आणि झाडं माघाचंच ऐकतात.

आपल्या सोसायटीच्या कुंपणापलीकडची काटेसावर आठव. थंडीत तिची पानं झडून गेली तेव्हा ती वाळली असं समजून तू आणि नचि तिच्या बुडाशी बाटलीतलं पाणी ओतून आला होतात. मग बोडक्या फांद्यांवर टणक कळ्या धरल्या आणि बघता बघता सगळं झाड लाल झालं. सकाळी रिक्षाची वाट बघताना ती फुलं वरून थप्प करून पडायची आणि नचि दर वेळी "पडलं!" म्हणून ओरडायचा. एक फूल तू घरी आणलंस, ते आपण ओट्यावर ठेवून नीट पाहिलं. जाड, गुळगुळीत पाच पाकळ्या. मधे पुंकेसरांचा भरगच्च झुबका, टोकं काळसर. खाली हिरवी घट्ट वाटी. त्या वाटीत तू करंगळी घातलीस आणि ती ओली होऊन बाहेर आली. तोच तो मध. त्याच्यासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे, शिंजीर आणि दोन्ही खारी भल्या पहाटेपासून त्या झाडावर भांडत असतात.

पानं नसताना फुलं कशी, हा प्रश्न तू तेव्हा विचारला होतास आणि तो फार चांगला प्रश्न होता. पानांमधून झाडाचं पाणी सतत हवेत जात असतं. आपल्याकडे पाऊस गेला की तो पुन्हा जूनमध्येच, तोवर जमीन सुकत जाते. म्हणून सावर, पळस, पांगारा ही झाडं पानं टाकून देतात आणि अंगात साठवलेल्या पाण्यावर फुलं आणतात. मधे पानं नसली की लाल-केशरी फुलं पाखरांना लांबूनही दिसतात. पाखरू मध प्यायला डोकं आत घालतं, त्याच्या कपाळाला पराग चिकटतात आणि ते पुढच्या झाडावर जातात. आत्ता फुललं म्हणजे बिया पावसाच्या आधी पिकतात. सावरीची बोंडं सध्या हिरवी आहेत, वैशाखात तडकतील आणि त्यातला कापूस बिया घेऊन उडेल. त्या कापसाच्या उशा भरायचे, आजीला विचार, ती अशा उशीवर झोपलेली आहे. आपली झाडं या दिवसांत मृगाच्या पावसाची तयारी करत असतात, म्हणून त्यांचा वसंत उन्हात येतो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहिते. तुझं पुस्तक सुरेख आहे, आणि थंड देशातल्या मुलांचा वसंत तसाच असतो. पण तू ठाण्याची मुलगी आहेस. वसंत म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे आधी सावर उभी राहावी, हाताला कैरीचा चीक आठवावा, मग खुशाल बर्फ वितळू दे. शेजारची मुलगी तुला म्हणाली ना, मुंबईच्या बाजूला ऋतू नसतातच, नुसता उन्हाळा आणि पावसाळा? मोठी माणसंही असंच म्हणतात. तू तिला हात धरून कुंपणापाशी ने.

होळीच्या आधीच्या रविवारी आपण येऊरला गेलो होतो. ते जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच आपल्याकडची बाजू. उपवन तलावापासून बस वर चढायला लागली आणि नचि बाबांच्या खांद्यावर झोपला, त्यामुळे पहिला पळस त्याने पाहिलाच नाही. तू पाहिलास आणि खिडकीतून हात बाहेर काढलास म्हणून बाबांनी तुला मागे ओढलं. नंतर रस्त्याच्या कडेला एका फांदीवर जुनी पानं शिल्लक होती, तिथे बाबांनी तुला म्हण सांगितली, पळसाला पाने तीनच. तू लगेच मोजायला लागलीस. एका देठाला तीन, दुसऱ्याला तीन, तिसऱ्यालाही तीन. मग तू वर बघून म्हणालीस, "आणि आजीच्या गावालाही तीनच?" हो, तिथेही.

झाडावरचं एकही फूल न तोडता, नुसती खाली पडलेली वेचून तुम्ही दोघांनी पिशवी भरलीत. ती रात्रभर गरम पाण्यात भिजवली तर सकाळी बादलीत केशरी रंग तयार. धुळवडीला गच्चीवर बाकीची मुलं पाकिटातला रंग घेऊन आली होती, आणि तुझ्या बादलीपाशी सगळ्यात मोठी रांग लागली. नचिच्या बनियनवर अजून पिवळा डाग आहे. ती बनियन मी टाकणार नाही. होळीही मला आपल्या सोसायटीची आवडते, गोवऱ्या आणि वाळक्या फांद्यांची. काही ठिकाणी होळीसाठी उभी सावर तोडतात. फुलांनी भरलेलं झाड आगीत जाताना मी लहानपणी पाहिलंय आणि मला ते कधी पटलेलं नाही. आजी म्हणते तो रिवाज आहे. असेल, पण सावर वाढायला किती वर्षं लागतात ते मी तुला कुंपणापाशी दाखवीन, मग तुझं तू ठरव.

येऊरहून उतरताना कोशिंबाची झाडं पाहिलीस? तू म्हणालीस, "ही लाल फुलं केवढी!" ती फुलं नव्हती, नवी पानं होती. आपल्या गेटजवळच्या पिंपळालाही तशीच येतात, आधी तांबूस, मग पोपटी, मग हिरवी. कोवळ्या पानाला ऊन सोसत नाही. तो तांबडा रंग त्याला कडक उन्हात सांभाळतो आणि पान जून झालं की उतरतो. पिंपळाचं ताजं पान गालाला लावून बघ, इतकं गार आणि मऊ काही नसतं.

पहाटे ओरडणाऱ्या कोकिळेबद्दल नचिची तक्रार आहे की ती त्याला उठवते. त्याला सांग, गाणारा तो नर, काळा कुळकुळीत, डोळे लाल. मादी तपकिरी, अंगभर ठिपके, ती नुसती "किक् किक्" करते. अंडी घालायला ते स्वतःचं घरटं बांधत नाहीत, कावळ्याच्या घरट्यात घालतात. हे ऐकून तुला कावळ्याची दया आली आणि तू खिडकीत त्याच्यासाठी पोळीचा तुकडा ठेवायला लागलीस. ठेवत जा. नचि कुहू करतो तेव्हा समोरून उत्तर येतं, ते खरंच त्याला दिलेलं असतं. आपल्या हद्दीत दुसरा कोण आला, असं त्या नराला वाटतं.

आता घरातलं. माठ आणला त्या दिवशी तुम्ही दोघं त्याला कान लावून बसला होतात. आधी एक दिवस तो नुसता पाण्याने भरून ठेवला, मग वाळ्याची जुडी टाकली. माठाचं पाणी गार का होतं, हे तू विचारलं नाहीस, हात लावून पाहिलंस. बाहेरून माठ ओलसर होता. आतलं पाणी मातीतून झिरपतं, वाऱ्याने सुकतं आणि सुकताना माठातली उष्णता घेऊन जातं. फ्रिज असूनही आजी माठाचंच पाणी पिते आणि आता तुम्हीही. संध्याकाळी साडेपाचशिवाय खाली खेळायला जायचं नाही हा नियम मात्र तसाच राहील, कितीही मैत्रिणी हाका मारोत.

पाडव्याच्या आदल्या रात्री दही पंच्यात बांधून नळाला टांगलं होतं. नचि स्टूल घेऊन समोर बसला आणि प्रत्येक थेंब पडला की टाळी वाजवत राहिला. सकाळी त्याचा चक्का झालेला पाहून त्याला वाटलं, रात्रीत कुणीतरी बदलून ठेवलं. गुढी खिडकीच्या ग्रिलला बांधताना काठी तू धरली होतीस. माझ्या लग्नातली हिरवी खणाची चोळी, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, फुलांचा हार, गाठी, वर तांब्या. आणि कडुलिंबाची चटणी! कोवळी पानं, थोडा फुलोरा, गूळ, चिंच, जिरं, ओवा, हिंग, मीठ. नचिने जीभ बाहेर काढून दाखवली. तू डोळे मिटून गिळलीस आणि म्हणालीस, "शेवटी गोड लागतं." संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवली, तेव्हा तू गाठी मोडलीस आणि मोठा तुकडा नचिला दिलास. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. तुला कुणी सांगितलं नव्हतं.

स्वागतयात्रेला कौपिनेश्वर मंदिरापाशी फार गर्दी होती, तुम्हाला ढोल दिसले आणि लेझीम दिसलं, तेवढं पुरे झालं. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून खाल्लेलं कलिंगडच तुम्हाला जास्त आठवणार.

तृतीयेला गौर पाळण्यात बसली आणि आजीने तुला चैत्रांगण शिकवलं. दारासमोर गेरूने सारवल्यासारखी जागा करून घेतली, मग रांगोळी. पूर्ण चैत्रांगणात एकावन्न चिन्हं असतात असं आजी सांगते. तिने वर चंद्र-सूर्य काढले, गौरीचा पाळणा, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशी वृंदावन, नाग. तुझ्याकडे गोपद्म, हत्ती आणि कासव आलं. चिमटीतून रांगोळी एकसारखी सुटायला वेळ लागतो. तुझी पहिली रेघ जाड, तुटक, दुसरीही तशीच, आणि कासवाच्या पाठीवरच्या चौकड्यांपर्यंत येता येता ती दोऱ्याइतकी बारीक झाली. जिभेचं टोक बाहेर काढून, गुडघ्यांवर बसून तू ते करत होतीस, फ्रॉकला गेरू लागत होता आणि मी काही बोलले नाही. तेवढ्यात नचि आंघोळ करून ओल्या पायाने धावत आला आणि गौरीच्या पावलांशेजारी त्याचं एक पाऊल उमटलं. तू रडवेली झालीस. आजी म्हणाली, "असू दे, गौर एकटी कशी येईल?" आणि त्या पावलाभोवती तिने रांगोळीचे ठिपके दिले. शेजारच्या काकूंनी त्याचा फोटो काढून नेला.

रविवारी आपण ऐरोलीला जाणार आहोत. रोहित पक्षी, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, पावसाच्या तोंडावर निघून जातात, त्याआधी बोटीतून पाहून येऊ. बाबांनी भरतीची वेळ बघून ठेवली आहे, कारण बोट भरतीलाच सुटते. ठाण्याच्या खाडीचा हा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याचं नाव रामसर यादीत गेलं, म्हणजे जगातल्या जपायच्या पाणथळ जागांमध्ये. नचिला आधीच सांगून ठेव की यांची पिल्लं राखाडी असतात. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन त्यातला रंग हळूहळू पिसांत उतरतो. आणि बोटीत उभं राहायचं नाही, हे तू सांगितलंस तर तो ऐकेल, माझं ऐकत नाही.

पुढच्या शुक्रवारी आपल्याकडे चैत्राचं हळदीकुंकू आहे. जांभळी नाक्यावरून कैऱ्या आणल्यात. आंबेडाळीची डाळ आजी भिजवेल, कैरी किसायचं काम माझं, पन्ह्यात वेलची घालायचं नचिचं, कारण त्याला ती कुटायची आहे. बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे तू घालायचेस, दोन्ही हातांनी, सांडले तर वेचायचे. तुझा हिरवा परकर काढून ठेवलाय. तो यंदा आखूड झालाय, खालची दुमड उसवून सोडावी लागेल. अभ्यास झाला की माप द्यायला माझ्याजवळ ये.

तुझी,
आई