वरच्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "काय जी, त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

मे महिना, गच्चीवर कुरड्यांचा घाट. सोऱ्यात भरताना पातेलं कलंडलं आणि उकळता चीक आईच्या मनगटावर, त्याच्या वर कोपरापर्यंत सांडला. चीक तेलासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो.

मी फ्रिजमधला बर्फ आणला, बाबा टूथपेस्ट घेऊन धावले, आत्या ओरडत होती की पाणी घालू नका, फोड येतील. तुम्ही तिघांनाही बाजूला सारलंत. नळ सोडून बघितलात तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देणारं. नागपूरच्या मे महिन्यात अकरा वाजता दुसरं काय येणार! "माठ उचलून आणा," एवढंच म्हणालात. मग लोट्याने बारीक धार, थांबू न देता. चीकही ओढून काढू दिला नाहीत, पाण्याने सुटेल तेवढाच सुटू दिलात.

बांगड्या मात्र लगेच काढायच्या होत्या, सूज चढली की हात आवळला जातो. साबण लावून चार निघाल्या. दोन अडकल्या, त्या खाली रुमाल सारून वाढवाव्या लागल्या. भाजल्यावर न रडलेली आई तेव्हा रडली. कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून ते हिरवे तुकडे तुम्ही स्वतःच्या पदरात गोळा केलेत. एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने धार.

आणि मी तुमच्यावर ओरडले. ऑटो दारात उभा होता आणि तुम्ही म्हणत होता, "मोजून २० मिनिटं. तोवर उठायचं नाही." आमचा माठ संपला तेव्हा निम्मी वेळसुद्धा झाली नव्हती. खालच्या वहिनींनी त्यांचा आणून दिला. शेवटी नवी कोरी प्लास्टिकची पिशवी कापून तुम्ही जखमेवर अलगद पसरलीत आणि वरून धुतलेला पंचा सैल बांधलात. कापूस लावला असता तर तो जखमेला चिकटला असता.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "घरी काय लावलं?" फक्त पाणी म्हटल्यावर त्यांचा चेहराच सैलावला. चीक निघाला तरी कातडीत उतरलेली आच आत भाजत राहते, ती पाण्यानेच निघते, असं त्यांनी समजावलं. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, जखम आणखी खोल जाते. पेस्ट, हळद, तूप लावलं तर खालची जखम दिसत नाही आणि ते खरवडून काढताना पेशंटचे हाल होतात. फोड आले थोडे, पण ते पाण्यामुळे नव्हे. आत्यालाही हे डॉक्टरांनीच सांगितलं ते बरं झालं.

अंगणवाडीत इतकी वर्षं काढलेल्या तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चार जण अंगावर येत असताना धार न थांबवणं वेगळं. काकू, त्या २० मिनिटांत माझं ऐकलं नाहीत, त्याचे हे आभार.

पट्टी सुटली आहे, कातडी अजून कोवळी आहे. बाबांनी महालच्या बाजारात बांगड्या भरायला नेतो म्हटलं, तर आई म्हणाली, वरच्या ताई सोबत आल्या तरच जाईन. कधी जमेल ते कळवा.

तुमची,
खालच्या घरातली लेक