आजीच्या फ्लेक्सवर काय लिहायचं

फलटण तालुका, जि. सातारा
वटपौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

आजीच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सचा मजकूर तू पाठवलास, तो वाचला. 'प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या' असं मंडळाच्या पोरांनी लिहिलंय. प्रेमळ होती, धार्मिकही होती. पण मनमिळाऊ? आपल्या आळीत जिच्याशी आजीचं एकदा तरी वाजलं नाही अशी एक बाई दाखव मला. तूही फोनवर हेच म्हणालीस, की सगळे देवमाणूस म्हणतात आणि मला तर तिची भांडणंच आठवतात. ती खुशाल आठव. मी चोवीस वर्षं तिच्याबरोबर एका चुलीवर काढली, मलाही तीच आठवतात.

तू पालखीचा सोहळा पाहिलायस, पण समाजआरती कधी नीट पाहिलीस का? मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतो आणि त्या क्षणी सगळं थांबतं. मग हरवलं-सापडलं पुकारतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागा नीट मिळाली नाही, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढीच वाजत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, काय म्हणणं आहे ते ऐकून घेतो. आजी ही तसली दिंडी होती बघ. तिचं ऐकून घेईपर्यंत तिचा टाळ काही थांबायचा नाही.

शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, ते तुला आठवणार नाही, तू बालवाडीत होतीस. मुली दोघी-दोघी जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून. आजीनं अर्ज दिला, तो कुठल्या टेबलावर गेला कुणास ठाऊक. मग ती डबा घेऊन त्या कार्यालयात जाऊन बसली. साहेब जेवायला उठले तेव्हा हिनंही तिथंच डबा सोडला. "तुमी या सावकाश, मला काय घाई न्हाई," म्हणाली. कडी बसली. एका कडीसाठी माणूस दिवसभर बसतं हे तेव्हा मला हास्यास्पद वाटलं होतं, तुझ्या बाबांना तर लाजच वाटली होती.

तिचं हे सगळं आलं कुठून, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं १९७२ पासून. नवी नवरी होती ती तेव्हा आणि माहेर-सासर दोन्हीकडे दुष्काळ. सगळं गाव खडी फोडायला रस्त्यावर. बाहेरून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीबद्दल आजी सांगायची तेव्हा तोंड असं करायची की आपल्यालाच घास लागायचा. पण ती उपासमारीबद्दल फार बोलायची नाही. बोलायची ते आडोशाबद्दल. उघड्या माळावर दिवसभर काम, झाड नाही, बांध नाही, बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून बाया पाणीच प्यायच्या नाहीत. भर उन्हात, खडी फोडताना. "भूक तर समद्यास्नीच हुती," म्हणायची, "तहान तेवढी बायांचीच."

हे कळलं तेव्हा मला आपल्या परड्यातलं सगळं कळलं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, नीरेला दत्त घाटावर पादुकांचं स्नान होतं आणि ती आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड. या रस्त्यावर अन्नदानाला काही तोटा नाही. कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी राजगिऱ्याचे लाडू. एकेका वारकऱ्याच्या पिशवीत बिस्किटांचे पाच-पाच पुडे साठतात. आजी मात्र पालखीच्या आदल्या दिवशी परड्यात बांबू रोवायची आणि जुनी लुगडी बांधून वारकरी बायांसाठी अंघोळीच्या चार मोऱ्या करायची. सुतळीच्या गाठी स्वतः मारायची, आम्हाला मारू द्यायची नाही. खाली फरशीचे तुकडे, म्हणजे पायाला चिखल लागू नये. एका कोपऱ्यात खुंटी, कोरडं पातळ अडकवायला. चुलवणावर पाणी पहाटे तीनपासून. आणि आपला घरातला संडास त्या दिवशी घरच्या पुरुषांना बंद. "तुमाला रान मोकळं हाय," इतकंच. आता निर्मल वारीची फिरती शौचालयं येतात, ते फार चांगलं झालं, पण तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

पिठलं-भाकरी असायचीच, ती वेगळी. भाकऱ्या आळीतल्या घराघरातून यायच्या आणि कुणाच्या किती आल्या याच्या रेघा आजी कोळशानं भिंतीवर ओढायची. कुणी कमी दिल्या तर तोंडावर सांगायची. वर्षभराची निम्मी भांडणं या भिंतीवरची. मला हे कधीच आवडलं नाही. दान मोजून घ्यायचं नसतं असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाली, "पंगत उपाशी उठली तर तू जानार हाईस का त्यांच्या म्होरं?" यावर काय बोलणार. आणि एक बघ, इतक्या धबडग्यात घरची पोरं मात्र आधी जेवलेली असायची. तुला नि दादाला माजघरात बसवून ती स्वतः वाढायची, मगच बाहेरची पंगत. कुणी नाक मुरडलं तर ऐकून घ्यायची नाही. तुझे आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते, तेव्हाही पालखीच्या दिवशी त्यांची अंघोळ, कूस बदलणं, पेज, सगळं तिनंच केलं. पण मोऱ्या चुकवल्या नाहीत.

गळ्यात माळ, रोज हरिपाठ, एकादशीला पाणीसुद्धा बेतानं. पण पंढरीची आषाढी तिला कधी घडली नाही. वारी दारात आल्यावर घर टाकून जायचं कसं? ती कार्तिकीला एसटीनं जाऊन यायची. गोंदवल्याला गेली की परत येऊन महाराजांच्या समाधीबद्दल दोन वाक्यं आणि तिथल्या स्वयंपाकघराबद्दल तासभर बोलायची. एवढी माणसं रोज प्रसादाला बसतात, ताटं कशी विसळतात, आमटी गरम कशी राहते! तुझे बाबा चिडवायचे की आई दर्शनाला जाते की तपासणीला.

पाटल्यांचं तुला अर्धवट माहीत आहे. कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात पाळण्यातच कानावर पडते. आजी चौथीपर्यंतच शिकली, पण ती गोष्ट तिनं जरा जास्तच मनावर घेतली होती. खालच्या आळीतल्या शिंप्याच्या थोरलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीला पैसे नव्हते, तेव्हा आजीनं स्वतःच्या दोन पाटल्या मोडल्या. घरात कुणाला विचारलं नाही. त्या पाटल्या मला द्यायच्या असं माझ्या लग्नात ठरलं होतं, चारचौघांत. ती मुलगी आज सिस्टर आहे, आजोबांना इंजेक्शन द्यायला रात्री-अपरात्री तीच यायची, सगळं खरं. पण मला विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं आणि मी ते आजीच्या तोंडावर बोलले होते. ती एवढंच म्हणाली, "इचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस." म्हणाले असते.

करोनात, २०२० ला, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. त्याच उन्हाळ्यात मुंबईहून परतलेली माथाडी कामगारांची दोन कुटुंबं शाळेत ठेवली होती आणि त्या वाटेवर पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. आजीनं काठीनं त्या फांद्या बाजूला केल्या, शाळेच्या फाटकाशी डबा ठेवला आणि येताना पारावरच्या पोरांची आई-बापासकट हजेरी घेतली. त्यातलेच दोघे आता फ्लेक्स लावतायत.

गेल्या वर्षीचं तुला सांगायचं राहिलं. तू परीक्षेसाठी दहाव्यानंतर लगेच गेलीस. चारच दिवसांनी पालखी आली. आमच्या कुणाच्या अंगात काही करायचं त्राण नव्हतं, या वर्षी राहू दे असं बाबा म्हणाले. पण आदल्या दिवशी सकाळी परड्यात खाटखूट ऐकू आली म्हणून पाहिलं, तर आळीतल्या बाया बांबू रोवत होत्या. सगळ्यात पुढं ती, जिच्याशी आजी भाकऱ्यांवरून तीन वर्षं बोलत नव्हती. तिनं गाठी चुकीच्या मारल्या, एक मोरी दुपारी कोसळली. आत बाई होती. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची, त्या वारकरी बाईचीसुद्धा.

तेव्हा फ्लेक्सवरचं 'मनमिळाऊ' काढायला सांग. बाकी काय लिहायचं ते लिहू देत. फोटो माळ दिसेल असा घ्या, तो लग्नातला शालू नेसलेला नको, त्यात ती अवघडलीय.

आणि येताना पुण्याहून हिरवी शेडनेट घेऊन ये, जाड विणीची, आरपार दिसणार नाही अशी. लुगडी पार विरलीत. सुतळी इथं मिळते. बाबांना परस्पर पैसे मागू नकोस, माझ्याकडे भिशीचे आहेत. या वेळी मोऱ्या सहा कराव्यात असं माझं मत आहे, चुलवणाची जागा मात्र हलवावी लागेल, ते तू आलीस की बघू. रजा दोन दिवसांची तरी काढ, पालखीच्या दिवशी सकाळी येऊन काही उपयोग नाही.

तुझी,
आई