स्वमग्न मुलांच्या सुरक्षिततेसाठी मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठीच्या आपल्या पालक मंडळाचे काम आपण जाणताच. तरीही २०१९ च्या महापुराची आठवण काढल्यावाचून हे पत्र पुढे सरकत नाही. निवारा केंद्राच्या गोंगाटात कान दाबून ओरडणाऱ्या आपल्या मुलांसाठी विश्रामबागेतील ज्या आजींनी घराचा वरचा मजला पंधरा दिवस मोकळा करून दिला, त्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही. मार्केट यार्डातील हळद व्यापाऱ्यांनी सलग तीन वर्षे मंडळाच्या वर्गाचे भाडे भरले. मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिरांनी दिलेला तंबोरा आजही वर्गात आहे आणि तो छेडला की एरवी कोणाजवळ न बसणारी मुले त्याच्या भोपळ्याला गाल लावून बसतात.

आजचे मागणे मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. आपल्या कित्येक मुलांना आपल्याबाबत काय घडले ते सांगता येत नाही. ज्यांना येते त्यांचे बोलणे तुटक, ऐकलेली वाक्ये पुन्हा उच्चारत येते, म्हणून त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मोठ्यांचे निमूट ऐकावे हेच आपण त्यांना वर्षानुवर्षे शिकवतो आणि त्रास देणारा बहुधा ओळखीचाच असतो. मूल एकाएकी रिक्षात बसायला नकार देते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, स्वतःला चावते, आणि आपण ते स्वमग्नतेच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. आपल्याच एका मुलाला वर्गात बाकाला बांधून ठेवत असत, हे मनगटावरच्या वळांमुळे चार महिन्यांनी कळले. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘शिस्तीसाठी.’

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ नुसार अशा छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो. बालकांच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्या मुलाची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. पण ऐन वेळी अशी व्यक्ती आणायची कोठून, आणि मुलाने बोट ठेवायचे कशावर?

यासाठी शरीराचे अवयव, ‘नको’, ‘दुखते’, ‘कोणी?’ असे दाखवणाऱ्या मराठी चित्रकार्डांचे ३०० संच छापून शाळांना व पोलीस ठाण्यांना द्यायचे आहेत, तसेच पालक, शिक्षक व रिक्षाचालकांसाठी प्रशिक्षण घ्यायचे आहे. गेल्या वर्षी याच विषयावरील सभेला साठ खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा जण आले, त्यांतले सात आपलेच पालक. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आपल्या गावात नाटकाला जागा मिळत नाही, हे आठवून त्या रात्री खुर्च्या उचलताना वाईट वाटले, ते येथे नोंदवतो.

अपेक्षित खर्च १,२०,००० रुपये. देणगी रोख वा धनादेशाने, वर्गावर, सायंकाळी ५ ते ७, रविवार सोडून, पावती घ्यावी. रात्री-अपरात्री ठाण्यावर येऊ शकणाऱ्या विशेष शिक्षकांनी नावे याच आठवड्यात द्यावीत, मजकूर छापखान्यात जायचा आहे.

आपला,
सचिव, पालक मंडळ, सांगली