खाडीवरचा ऑस्प्रे: घरटं शोधू नकोस, भरती बघ

ठाणे,
ऑक्टोबर, रविवार

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला ठाणे खाडीवरचा फोटो पाहिला. टॉवरच्या आडव्या पट्टीवर बसलेला पक्षी, पोट पांढरंफेक, डोळ्यातून मानेकडे गेलेला काळपट पट्टा आणि पायाखाली मासा. ही आपली रोजची घार नव्हे, ऑस्प्रे आहे. पुस्तकांत कुठे कैकर लिहितात, कुणी मासेमार घार म्हणतं. बोलताना सगळे ऑस्प्रेच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

पण तू विचारलंयस त्याच्या घरट्याबद्दल, आणि त्याच्यासाठी मचाण उभारायचं म्हणतोयस, तर आधी ते. त्याच टॉवरवर वरच्या कोपऱ्यात काटक्यांचा जो पसारा दिसतोय, तो त्याचा नाही. तो घारीचा. नीट बघ, काटक्यांत तारा, चिंध्या आणि प्लास्टिकची दोरी दिसेल. घारी हिवाळ्यात घरट्याला लागतात, त्याच टॉवरवर, त्याच सुमाराला हा पाहुणाही येऊन बसतो आणि लोक दोघांची गाठ मारून मोकळे होतात. ऑस्प्रे आपल्याकडे वीण करत नाही. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरात येतो आणि मार्च-एप्रिलात परततो. वीण हिमालयात थोडी, बहुतेक त्याच्याही पार उत्तरेला. आणखी एक फसगत सांगून ठेवतो. मे-जूनमध्ये एखादा खाडीवर दिसला तर लगेच ‘घरटं केलं रे’ म्हणून मेसेज टाकू नकोस. पहिल्या वर्षाची पिल्लं बऱ्याचदा पहिला उन्हाळा परत जातच नाहीत, इथेच रेंगाळतात. वीण बहुधा तीन-चार वर्षांची झाल्यावर.

तू ज्या घरट्याच्या क्लिपा बघतोस त्या अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या. तिकडे हा पक्षी माणसाच्या अगदी दारात राहतो: विजेचे खांब, जलमार्गाच्या खुणेचे खांब, मुद्दाम उभारलेले मचाण. कारण सोपं आहे. त्याला पाण्याजवळ, चारी बाजूंनी मोकळी, वर सपाट आणि खालून कुणी चढणार नाही अशी जागा हवी. वाळक्या झाडाचा शेंडा मोडलेला असला की तो चालतो. झाडं तोडली, तर खांब चालतो. विजेच्या खांबावर मात्र घोटाळा होतो. ओल्या काटक्या दोन तारांना टेकल्या की शॉर्ट, मग आग, नाहीतर पक्षी मेला आणि गावाची वीजही गेली. घरटं नुसतं काढून टाकलं तर जोडी आठवड्यात पुन्हा काटक्या आणते. म्हणून शेजारी त्याहून उंच खांब रोवतात. वर साधारण मीटरभर लांबी-रुंदीचं मचाण, तळाला फळीऐवजी जाळी, म्हणजे पाणी निथळतं आणि घरटं कुजत नाही. कडेला एक आडवी काठी नराला बसायला, आणि खांबाला मध्यावर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा किंवा शंकू, चढणाऱ्या जनावरांसाठी. वर चार काटक्या आपणच ठेवायच्या. आयतं बूड दिसलं की जोडी लवकर पसंत करते.

अंडी बहुधा तीन, उबवण ३७-३८ दिवसांची. पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत, दिवसा-दोन दिवसांच्या अंतराने निघतात. मासा भरपूर तर तिन्ही जगतात, तोटा आला की आधी धाकटं जातं. सुमारे ५०-५५ दिवसांनी उडतात. तोवर मासे आणायचं काम मुख्यतः नराचं. घरट्यात शेतातली प्लास्टिकची सुतळी आली की पिल्लाच्या पायात गुंतते, आणि मचाण साफ करणारे सगळ्यात आधी तीच शोधतात. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती. अमेरिकेने १९७२ मध्ये त्यावर बंदी घातल्यावर तिकडची संख्या सावरली. स्कॉटलंडात तर १९१६ नंतर वीण थांबल्यासारखीच होती, १९५४ ला जोडी परत आली. म्हणून तिकडे एका घरट्यापायी कॅमेरे आणि पहारे. इथे मचाण उभारायचा तुझा बेत मात्र सोड. उभारलंस तर त्यात घारच बसेल.

इथे दिसते ती त्याची दुसरी बाजू, मासेमारी. आणि ती बघायला घरटं नको, पंचांग पुरतं. कोळ्यांचा हिशेब तुला माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटीचा तळ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मुंबई बंदरापेक्षा खाडीच्या आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी सूट धर.

आता तीन गोष्टी जुळवायच्या. पहिली, ऊन. तुमची नवी मुंबईची बाजू खाडीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य तुझ्या पाठीशी आणि पक्षी उजेडात. भांडुप-मुलुंडच्या काठावर नेमकं उलटं, तिथून सकाळी सगळे पक्षी काळे ठिपके दिसतात, तिकडे संध्याकाळी जायचं. दुसरी, वारा. दुपारी समुद्राचा वारा सुटला की पाण्यावर लहरी उठतात आणि वरून मासा दिसेनासा होतो. त्याच्या बुड्या फुकट जातात, मग तो टॉवरवर बसून राहतो. तिसरी, पाणी. उतरत्या पाण्यात मासे चिखलपट्टीवरून निघून अरुंद प्रवाहात गोळा होतात, तेव्हा त्याला सोपं जातं. तिन्हींचा मेळ षष्ठी ते अष्टमीला बसतो: पहाटे भरती, साडेदहा ते बाराच्या सुमाराला तळ आणि साडेसात ते दहा उतरतं पाणी. शिवाय हे दिवस भांगेचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, ओढ कमी, त्यामुळे गाळही कमी ढवळतो. उधाणाला आपली खाडी म्हणजे चहाच. पौर्णिमेला जाणाऱ्यांना फ्लेमिंगो मिळतील. यासाठी तिथी बदल.

जागा म्हणशील तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आणि तुझ्या नेरुळ-सीवूड्सकडची तळी, तिथून खाडीचा चर दिसतो तो भाग. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ पासून रामसर यादीतही आहे. म्हणजे कांदळवनात आपल्या मर्जीने शिरायचं नाही, वनखात्याची परवानगी लागते. तशीही शिरून उपयोग नाही. तो गाळ वरून चिखल दिसतो, पाय टाकलास की मांडीपर्यंत घेतो. ऐरोलीहून मोसमात बोट मिळते, पण गर्दी सगळी गुलाबी रंगाकडे वळलेली असते. माना वर करून टॉवर बघणारा बोटीत बहुधा एकटाच.

आता तो दिसल्यावर काय बघायचं. लांबून आधी कुरवच (सीगल) वाटेल, कारण पंख लांब आणि मनगटाशी मोडलेले, इंग्रजी एम उलगडून धरल्यासारखे. घारीची शेपटी दुभंगलेली, याची आखूड आणि सरळ. दलदलीवरचा भोवत्या (मार्श हॅरियर, हाही शिकारी पक्षी) पंख व्ही करून गवताला लागून जातो आणि त्याला बघून बदकं भर्रकन उठतात. ऑस्प्रे डोक्यावरून गेला तरी बदकं बहुधा जागची हलत नाहीत, ही खूण मला पिसांच्या रंगापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

शिकारीचा क्रम असा. दहा ते चाळीस मीटर उंचीवरून फिरतो, मध्येच जागच्या जागी पंख मारत थांबतो, पाय लोंबते. मग थोडा खाली, पुन्हा थांबतो. बरेचदा इथेच बेत रद्द होतो, तेव्हा कॅमेऱ्याची सगळी मेमरी इथे संपवू नकोस. खरी झेप घेतली की डोकं खाली, आणि पाण्याला भिडायच्या क्षणी पाय डोक्याच्याही पुढे. मीटरभरापर्यंत जातो, त्याखाली नाही. म्हणूनच वरच्या थरात फिरणारी बोई आणि तळ्यातली चिलापी सापडते. नाकपुड्या मिटतात, तळव्यांना बारीक काटे असतात, आणि बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणजे दोन बोटं पुढून, दोन मागून. बाजारात बोई हातातून कशी सुळकन निसटते ते आठव, मग त्या काट्यांचं मोल कळेल.

वर आला की हवेतच ओल्या कुत्र्यासारखा अंग झटकतो. त्यानंतरचे पाच-सात सेकंद डोळ्याला दुर्बीण लावून ठेव: एक पाय पुढे, एक मागे घेत तो मासा फिरवतो, तोंड पुढे करतो. वाऱ्याला अडथळा कमी. घार मासा आडवा किंवा लोंबता नेते आणि उचलते तीही पृष्ठभागावरून, अंग न भिजवता. कावळे आणि घारी पाठलागाला असतातच, पुष्कळदा मासा त्यांनाच जातो. त्यांच्या तावडीतून सुटला तर तो टॉवरवर बसून डोक्यापासून सुरुवात करतो आणि सावकाश खातो, कधी तासभर. शेवटी पाण्यावरून खाली उडत पाय बुडवत जातो, धुतल्यासारखे.

दुर्बीण ८×४२ घे. १०×४२ मध्ये मोठं दिसतं, पण हात हलतो आणि दहानंतर चिखलावरची हवा तरंगायला लागली की मोठं करून काही मिळत नाही. कॅमेरा असेल तर शटर १/२००० च्या खाली आणू नकोस. बसलेल्या पक्ष्याच्या शंभर-दीडशे मीटरच्या आत जायचं नाही. मान ताठ केली, शिट्टीसारखा आवाज काढायला लागला, शीट टाकली, तर तू आधीच जास्त जवळ आलायस, मागे हो. ड्रोन अजिबात नाही. हा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे.

वहीत एवढं लिही: वेळ, तिथी, पाणी चढतं की उतरतं, वारा, बुड्या किती, मासे किती, मासा पक्ष्याच्या अंगाच्या निम्मा की कमी. पक्षी ५५-६० सेंटीमीटर धरला की माशाचा अंदाज येतो. एकच रोज दिसतो की दोन, हे छातीवरच्या पट्ट्यावरून ठरव. मादीचा पट्टा बहुधा रुंद, नराचा पुसट. पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या पाठीवर पिसांना फिकट कडा असतात, पण हिवाळा सरेल तशा त्या झिजतात, म्हणून हे काम नोव्हेंबरातच उरक. पायात रंगीत कडं दिसलं तर त्यावरची अक्षरं, कोणता पाय आणि रंग टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळव.

संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात किंवा जाळ्याच्या तंगूसात अडकलेला सापडला तर वनखात्याच्या १९२६ वर फोन कर. येईपर्यंत डोक्यावर जाड टॉवेल टाकून हवेशीर खोक्यात, अंधारात ठेव. चोचीत पाणी ओतू नकोस, आणि चोचीपेक्षा त्या नख्यांना जप.

पुढच्या षष्ठीला सुट्टी टाक आणि साडेसातला पोच. माझी जुनी ८×४२ तुझ्याकडे पाठवतोय. उजव्या डोळ्याची कडी घट्ट झाली आहे, जोर न लावता हळूहळू फिरव, आणि खाडीवरून आल्यावर काचा ओल्या फडक्याने आधी टिपून घे, नाहीतर खारट धूळ घासली जाईल.

तुझा,
ठाण्याचा मित्र